कपाटातल्या अकरा बाटल्या

प्रश्न : माझे यजमान ६८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. २०२० साली आणलेल्या सॅनिटायझरच्या अकरा बाटल्या अजून आमच्या कपाटात आहेत. टीव्हीवर कुठल्या साथीची बातमी आली की ते पिशवी घेऊन निघतात. परवा पॅरासिटामॉलच्या सहा स्ट्रिप आणि दहा किलो साखर आणली. एरवी माणूस हिशेबी. बोलायला जावं तर म्हणतात, ‘तेव्हा कुणी आणून दिलं होतं?’ याला वेड म्हणायचं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, वेड नाही. मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. तीसहून जास्त वर्षं पुण्यात औषधांच्या काउंटरमागे उभा आहे, तेवढ्या अधिकारानं सांगतो.

१९९४ मध्ये सुरतेला प्लेग आला तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होतो. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल बघता बघता संपल्या. घेणाऱ्यांपैकी कुणाला साधी कणकणही नव्हती.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. किराणा आणि औषधं सुरूच राहणार होती, पण ते ऐकायला थांबतो कोण? साडेआठला माझ्याकडे रांग. एक काका रक्तदाबाच्या गोळ्यांना आलेले. पुढच्या बाईंनी चार थर्मामीटर घेतले. काकांनी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, खिसा चाचपला आणि म्हणाले, ‘मलाही चार द्या.’ घरी माणसं दोनच, मला ठाऊक होतं. रक्तदाबाच्या गोळ्या काउंटरवरच राहिल्या, मी हाक मारून दिल्या.

काका मूर्ख नव्हते. पुढचा प्रत्येक जण चार घेणार असेल, तर एक मागणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. यजमानांना हे बँकेच्या भाषेत सांगून पाहा. बँक बुडणार अशी हूल उठते, लोक पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँक त्या रांगेपायीच बसते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं.

दुसरी गोष्ट धीराची. विषाणू दिसत नाही, बाटली दिसते. साबणानं वीस सेकंद हात धुतले तरी भागत होतं, पण साबण पडला घरचाच, त्याचं कसलं अप्रूप! सरकारला २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपयांची कमाल किंमत ठरवून द्यावी लागली, त्यावरून ओढ किती होती ते कळेल.

याची झळ कुणाला बसली, तेही सांगतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं नाव बातम्यांत आलं आणि आमचा साठा संपला. संधिवातासाठी ती गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या एक बाई दोनदा रिकाम्या हातानं परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी गल्ल्याखालून एक स्ट्रिप काढून दिली. तिथे दोन होत्या, घरच्यांसाठी लपवलेल्या. दुसरी मी तशीच ठेवली. तेव्हा यजमानांना हसायला मी तुमच्यासोबत नाही.

‘कुणी आणून दिलं होतं?’ हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. साठीपुढच्यांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं; त्या आठवड्यांत ते कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत बसले असतील, हे एकदा विचारा. मग त्यांच्याच हातानं एक यादी करून घ्या : रोजच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या, पॅरासिटामॉलची एक स्ट्रिप, एक चालू थर्मामीटर. मुदतीच्या तारखा स्केचपेननं मोठ्या लिहायला लावा. हिशेबी माणूस आहे, वही मिळाली की रमेल.

बाटल्यांचं मात्र आजच बघा. आत अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. कपाट गॅसजवळ किंवा देवघराच्या भिंतीला लागून असेल तर आधी त्या तिथून हलवा. मग तारखा वाचा.

साखरेचं काय करायचं ते यजमानांचा शुगरचा रिपोर्ट पाहून ठरवा.