सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडलंय, हे रक्ताच्या तपासणीत कळतं का?

तुमचे वडील सेप्सिसमुळे, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयव बिघडल्यामुळे, आयसीयूत आहेत, अंगावर सूज आली आहे आणि डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या गळतायत." तुम्ही सिंडेकॅन-१ या रक्ततपासणीबद्दल वाचलंत. आता ही टेस्ट हॉस्पिटल का करत नाही, हलगर्जीपणा आहे का, असं विचारताय. मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलंय, त्या बाजूने सांगतो. हलगर्जीपणा नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींवर साखर आणि प्रथिनांचा एक बुळबुळीत थर असतो, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. रक्तातलं पाणी रक्तातच राहावं, पेशी भिंतीला चिकटू नयेत, ही कामं बऱ्याच अंशी हा थर करतो. सिंडेकॅन-१ हे त्या थराला धरून ठेवणारं एक प्रथिन. जंतुसंसर्गाचा भडका उडाला की शरीरातलीच एन्झाइम्स ते छाटून टाकतात आणि तुकडे रक्तात वाहू लागतात. थोडक्यात, शेवाळ खरवडलं गेलंय याचा तो पुरावा.

दुसरं नाव तुम्हाला वाचनात आलं असेल, अँजिओपोएटिन-२. हे त्या पेशींच्या आतल्या छोट्या पिशव्यांमध्ये आधीपासूनच भरून ठेवलेलं असतं. वायबेल आणि पॅलाडी यांनी १९६४ मध्ये या पिशव्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना वायबेल-पॅलाडी बॉडीज म्हणतात. पेशी चिडली की पिशव्या फुटतात, अँजिओपोएटिन-२ बाहेर पडतं आणि पेशींमधले सांधे सैल होतात. वडिलांच्या पायावरची सूज त्या सैल सांध्यांतून झिरपलेल्या पाण्याची. रक्तात अँजिओपोएटिन-२ जितकं जास्त, तितका धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

तिसरं थ्रोम्बोमोड्युलिन. एरवी ते भिंतीवर बसून गुठळ्या होऊ देत नाही. इजा झाली की सुटून रक्तात येतं. पण मूत्रपिंड बिघडलं की त्याची पातळी त्यामुळेही वाढते, आणि सेप्सिसमध्ये मूत्रपिंड बिघडणं काही दुर्मीळ नाही. मग वाढ नक्की कशाची, ते सांगणार कोण? सिंडेकॅन-१ सुद्धा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, अपघातानंतर, डेंग्यूमध्ये वाढतं. म्हणजे अस्तराला मार बसलाय एवढं कळतं, मारणारा कोण ते नाही.

आता लॅबचा रोखठोक भाग. या टेस्ट बहुतेक एलायझा पद्धतीच्या (अँटिबॉडी वापरून रक्तातलं प्रथिन मोजणं), ९६ खळग्यांच्या प्लेटवर, तीन-चार तास लागणाऱ्या. एका रुग्णासाठी अख्खी प्लेट कोण लावणार? शिवाय कितीच्या वर गेलं तर काय करायचं, यावर एकमत नाही. कित्येक किटच्या डब्यावरच लिहिलेलं असतं, केवळ संशोधनासाठी.

आणि समजा रिपोर्ट आलाच, तर त्यावर औषध कुठलं? थ्रोम्बोमोड्युलिन औषध म्हणून देऊन पाहिलं, २०१९ मधल्या स्कार्लेट चाचणीत मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. गुठळ्यांवर काम करणारं अॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी तर २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर होऊन २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. अस्तर वाचवायची कल्पना सुंदर आहे, रुग्णांना मात्र त्याचा फायदा अजून दिसलेला नाही.

म्हणून फाइलमधलंच बघा. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतायत का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) वाढतंय का, लॅक्टेट (पेशींवर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ) २ mmol/L च्या वर अडून बसलंय की उतरतंय, लघवी किती होतेय. एकेक आकडा धरून बसू नका, दोन-तीन दिवसांचा कल बघा. आणि डॉक्टर वडिलांचं बोट दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजताना दिसले, तर टाइमपास समजू नका. १० सेकंद दाबून सोडल्यावर ३ सेकंदांहून जास्त लागले तर बारीक रक्तवाहिन्यांत रक्त नीट पोचत नाही. २०१९ मध्ये अँड्रोमेडा-शॉक चाचणीत ४२४ रुग्णांवर याच खुणेची लॅक्टेटशी तुलना झाली, आणि ही फुकटची खूण मागे पडली नाही. संध्याकाळच्या राउंडला विचारा: "आज किती सेकंद?"