पॅलेस, कॅसल, हाऊस : सगळ्यांना राजवाडाच म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की विंडसरला कॅसल म्हणतात, बकिंगहॅमला पॅलेस आणि सँड्रिंगहॅमला नुसतं हाऊस, तिन्ही इंग्लंडच्या राजघराण्याचीच घरं, मग मराठीत तिघांनाही राजवाडा लिहिलं तर बिघडलं कुठे?

माझ्या मते बकिंगहॅमला राजवाडा चालेल, विंडसरला म्हटलं तर अर्धा इतिहास हरवतो आणि सँड्रिंगहॅमला म्हणूच नये. तिकडे नावातला शेवटचा शब्द बघून घर केवढं आहे ते कळत नाही, ती जागा मुळात काय होती आणि कोणाकडून कोणाकडे गेली ते बऱ्याचदा कळतं.

पॅलेस हा शब्द रोमच्या पॅलेटाइन टेकडीवरून आलाय. तिथे ऑगस्टसचं घर होतं, पुढचे सम्राटही तिथेच राहायला लागले आणि टेकडीचं नाव सम्राटाच्या घराला चिकटलं, मग लॅटिनमधून फ्रेंच आणि फ्रेंचमधून इंग्रजी. पण इंग्लंडात पॅलेस राजाचा असतो तसा बिशपचाही असतो, लंडनचा लँबेथ पॅलेस म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपचं घर, त्याला राजवाडा म्हटलं तर सरळ चूकच. यॉर्कच्या आर्चबिशपचं लंडनमधलं घर होतं यॉर्क प्लेस, तेव्हाचा आर्चबिशप कार्डिनल वुल्सी राजाच्या मर्जीतून उतरल्यावर आठव्या हेन्रीने ते घेऊन टाकलं आणि त्याचा व्हाइटहॉल पॅलेस झाला, १६९८ च्या आगीत तो बहुतेक सगळा जळला, बँक्वेटिंग हाऊस तेवढं वाचलं. आणि वेस्टमिन्स्टर तर आजही अधिकृतपणे पॅलेसच आहे, १५१२ च्या आगीनंतर राजाने तिथे राहणं सोडलं तरी. आता तिथे पार्लमेंट भरते, म्हणून तिथेही राजवाडा लिहिताना थांबून विचार करावा.

बकिंगहॅमचं गंमतीदार आहे. १७०३ मध्ये ते ड्यूक ऑफ बकिंगहॅमने स्वतःसाठी बांधलेलं हाऊस होतं. १७६१ मध्ये तिसऱ्या जॉर्जने राणी शार्लटसाठी विकत घेतलं आणि लोक त्याला क्वीन्स हाऊस म्हणायला लागले. मग चौथ्या जॉर्जने जॉन नॅश या आर्किटेक्टला हाताशी धरून त्याचा पॅलेस करायला घेतला पण पूर्ण व्हायच्या आधीच १८३० मध्ये तो गेला, आणि तिथे खऱ्या अर्थाने राहायला आलेली पहिली सत्ताधारी राणी म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ मध्ये. तरी परदेशी राजदूतांची नेमणूक कागदोपत्री अजूनही कोर्ट ऑफ सेंट जेम्सेसकडेच होते कारण जुना दरबार सेंट जेम्स पॅलेसचा. आता यातला कोर्ट म्हणजे दरबार, न्यायालयाचं कोर्टही तेच, पण दोन्हीच्या मुळाशी आहे भिंतींनी वेढलेलं अंगण, म्हणजे आपल्या वाड्यातला चौक! त्यामुळे हॅम्प्टन कोर्ट हे नाव वाचून काही जणांना तिथे खटले चालायचे असं वाटतं तसं काही नाही, ते वुल्सीने मोठमोठ्या चौकांभोवती उभं केलेलं घर, तेही शेवटी हेन्रीकडेच गेलं.

कॅसलचं मूळ लॅटिनमधल्या कास्टेल्लुममध्ये, म्हणजे छोटा कोट. मराठी इथे खरंच श्रीमंत आहे, किल्ला, कोट, गढी, बालेकिल्ला सगळं आहे. विंडसर हा १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मंडीच्या विल्यमने थेम्सवर नजर ठेवायला टेकाडावर बांधलेला किल्ला, मधल्या उंचवट्यावरचा राउंड टॉवर म्हणजे बालेकिल्लाच, आणि राजघराणं आजही तिथे राहतं. म्हणून मी विंडसरचा किल्ला असंच लिहितो. सरदारांच्या कॅसलना गढी शोभते. त्यांना तटावर चर्या, म्हणजे आडोशाला उभे दाते, काढायच्या तर राजाकडून परवाना घ्यायची पद्धत होती, तटबंदीवाला सरदार उद्या आपल्यावरच उलटेल ही राजाला धास्ती.

पण पुढे तोफा आल्या, गढ्यांचा उपयोग संपला आणि कॅसल हे नुसतं रुबाबाचं नाव उरलं. स्कॉटलंडमधलं बालमोरल बघा, व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा आल्बर्ट यांच्यासाठी १८५२ मध्ये ती इस्टेट घेतली, १८५६ पर्यंत नवं घर पूर्ण झालं, बुरूज वगैरे सगळं आहे पण लढाईशी संबंध शून्य. याहून चांगलं उदाहरण म्हणजे व्हॅनब्रू या नाटककार-आर्किटेक्टची दोन कामं. यॉर्कशरमधलं कॅसल हॉवर्ड १६९९ मध्ये अर्ल ऑफ कार्लाइलसाठी सुरू झालं, घुमटवालं आलिशान घर, कॅसल फक्त नावात कारण त्या जागी आधी जुना कॅसल होता. दुसरं ब्लेनम पॅलेस, १७०४ ची ब्लेनमची लढाई जिंकल्याबद्दल ड्यूक ऑफ मार्लबरोला मिळालेली भेट, तिथे ना राजा ना बिशप, तरी पॅलेस. चर्चिल १८७४ मध्ये तिथेच जन्मला. म्हणजे ब्लेनमचा राजवाडा म्हणणंही बरोबर नाही, तो सरदाराचा वाडा आहे, फार तर महाल म्हणा.

नावात अ‍ॅबी, म्हणजे ख्रिस्ती मठ, असेल तर अजून जपून. हेन्रीने १५३६ ते १५४० च्या सुमारास मठ बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी विकल्या किंवा दरबारी लोकांना वाटल्या, नव्या मालकांनी जुनं नाव तसंच ठेवलं. वोबर्न अ‍ॅबी ड्यूक ऑफ बेडफर्डचं घर, न्यूस्टेड अ‍ॅबी पूर्वी कवी बायरनच्या घराण्याचं होतं. भाषांतरात वोबर्न मठ लिहिलं की वाचक तिथे साधू शोधणार, त्यामुळे अशी नावं जशीच्या तशी ठेवावीत.

राहिलं हाऊस. सँड्रिंगहॅम १८६२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी विकत घेतलं, खाजगी मालमत्ता, राजाच्या गादीबरोबर येणारं सरकारी निवासस्थान नव्हे, म्हणून सँड्रिंगहॅमचं घर किंवा सरळ सँड्रिंगहॅम हाऊस. फक्त हाऊस ऑफ विंडसर दिसलं तर घर लिहू नका, तिथे घराणं हवं. आणि विंडसर हे घराण्याचं नावही किल्ल्यावरूनच आलंय, पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध संताप होता तेव्हा १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने सॅक्स-कोबर्ग-गोथा हे जर्मन नाव सोडून विंडसर घेतलं.