पहिली मुलाखत घेण्याआधी

पाहुणा लेखक असेल तर त्याचं पुस्तक पूर्ण वाच. मलपृष्ठ वाचून बसलास की लेखकाला दुसऱ्याच प्रश्नात कळतं, आणि मग तोही ठरलेली उत्तरं देतो. विकत घेणं परवडत नसेल तर ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथलं सभासदत्व घे.

प्रश्न आधी लिहून दे म्हणणारे भेटतीलच, नगरसेवक तर हमखास. विषय सांग, प्रश्न देऊ नकोस. राजकारण्याला ‘विकासाबद्दल काय वाटतं’ विचारलंस तर वीस मिनिटं गेलीच म्हणून समज. त्यापेक्षा घोडबंदर रोडवरच्या एकाच सोसायटीला टँकर का लागतो, ते विचार. पालिकेचा अर्थसंकल्प चाळून आकडा हाताशी ठेव, पण तोंडावर फेकू नकोस. आणि उत्तर आल्यावर गप्प राहा. दोन-तीन सेकंदांची ती शांतता समोरच्याला सहन होत नाही, खरं वाक्य बऱ्याचदा तिथेच निघतं. मला हे कळायला चार वर्षं लागली. तोवर मीच जास्त बोलायचो.

पत्रकाराला बातमीबद्दल विचारण्यापेक्षा न छापलेल्या बातमीबद्दल विचार. सूत्राचं नाव मात्र कधीच काढायला लावू नकोस.

निवडणूक लागली की सगळ्या उमेदवारांना सारखाच वेळ दे, नाहीतर कोणालाच बोलावू नकोस.

तलावपाळीवर संध्याकाळी रेकॉर्डिंग करायचा मोह होईल. मीही केलं होतं. पाहुण्यापेक्षा भेळवाला जास्त स्पष्ट ऐकू येत होता. कॉलर माइक घे, आणि बंद खोली.