साम्यवादी देशात मुलं गुन्हेगारीकडे का वळायची, आणि अशा मुलांचं करायचे काय?

बेकारी आणि गरिबी संपवल्याचा दावा करणाऱ्या देशात पोरं चोऱ्यामाऱ्या का करायची, असं तुम्ही विचारलंय. मी सोव्हिएत संघापुरतं सांगतो, चीन आणि पूर्व जर्मनी यांच्या तऱ्हा वेगळ्या होत्या.

तिथलं अधिकृत उत्तर ठरलेलं असे: समाजवादात गुन्ह्याला मूळच नाही, जे दिसतं ते जुन्या समाजाचे अवशेष. त्यामुळे दोष आपोआप आईबाप, शाळा किंवा दारू यांच्यावर यायचा. दारूचा मुद्दा खराच होता म्हणा.

१४ जानेवारी १९१८ च्या फर्मानाने सतरा वर्षांखालच्यांसाठी कोर्ट आणि तुरुंग दोन्ही बंद केले. प्रकरण अशा मुलांसाठीच्या खास आयोगापुढे जायचं आणि त्यात एक डॉक्टर असावाच लागे. कायदा उत्तम, पण यादवी युद्ध आणि १९२१ चा व्होल्गाकाठचा दुष्काळ यांनी लाखो मुलं रस्त्यावर आणली. त्यांना ठेवायला ना खाटा होत्या, ना भाकरी. शिक्षणतज्ज्ञ मकारेंकोच्या खार्किव्हजवळच्या कम्यूनमध्ये, म्हणजे अशा मुलांच्या वसतिगृहात, मुलं रोज चार तास कारखान्यात आणि बाकी वेळ शाळेत असत. तिथे बनलेले 'फेड' कॅमेरे बाजारात विकले जात आणि मुलांना मजुरी मिळे. माझ्या मते ते टिकलं ते यामुळेच. इतर ज्या ठिकाणी कार्यशाळेत अवजारंच नव्हती तिथून थंडी सरली की मुलं पळायची. मग ७ एप्रिल १९३५ ला उलटी उडी: चोरी, मारहाण, खून यांसाठी बाराव्या वर्षापासून मोठ्यांसारखी शिक्षा.

स्टालिननंतर शिक्षेचं किमान वय वाढून सोळा झालं, गंभीर गुन्ह्यांना चौदा. हाताळणीची खरी जागा म्हणजे जिल्हा सोव्हिएतच्या (म्हणजे स्थानिक परिषदेच्या) कार्यकारी समितीचा आयोग, १९६७ च्या नियमावलीने पक्का केलेला. त्यात लोकप्रतिनिधी, कोम्सोमोल (पक्षाची युवक संघटना), शाळा, कामगार संघटना यांची माणसं बसत. पोलिसांच्या 'बालकक्षा'त मुलाचं नाव नोंदलं जाई, मग आयोगापुढे पेशी. जाहीर माफी, ताकीद, आईबापांना दंड, वडिलांच्या कारखान्याला पत्र. पंधरा वर्षांवरचा मुलगा स्वतः कमावता असेल तर वीस रुबलपर्यंतची भरपाई त्याच्याच खिशातून. देखरेखीला एक 'सार्वजनिक शिक्षक' नेमत, म्हणजे आपली नोकरी सांभाळून फुकटात हे करणारा माणूस. दोन भेटींनंतर तो कागदावरच उरला तर नवल नाही. एवढ्यानं भागलं नाही तर अकरा ते चौदाच्यांना विशेष शाळा, चौदा ते अठराच्यांना विशेष व्यवसाय शाळा, तीन वर्षांपर्यंत. कोर्टाशिवाय, आयोगाच्याच निर्णयाने. तिथून मुलगा नव्या दोस्तांसह त्याच जुन्या वस्तीत परतायचा.

खरी कारणं दिसतात व्होल्गाकाठच्या कझान शहरात. सत्तरच्या दशकात गावाकडून आलेल्या कामगारांच्या वसाहती तिथे झपाट्यानं उभ्या राहिल्या. दोन्ही पालक पाळीवर आणि दुपार मोकळी, अशा वेळी पोरं तळघरातल्या व्यायामशाळांत जमायची. टोळ्या वस्तीनिहाय होत्या. धाकट्यांकडून नियमित पैसे उकळून सामायिक फंड चाले, आणि पैसे न देणाऱ्यानं वस्तीत फिरायचंच नाही. 'त्याप-ल्याप' या टोळीवर १९८० मध्ये खटला चालला, म्होरक्यांना जबर शिक्षा झाल्या, तरी ऐंशीच्या दशकात टोळ्या वाढतच गेल्या. आयोग मुलगा, आईबाप आणि शाळा तपासायचा. वस्तीचा फंड कोण गोळा करतं, हा प्रश्न त्याच्या कार्यकक्षेतच नव्हता.