फडक्यात राहिलेलं पुस्तक

प्रिय ताई,
मी ख्रिस्ती आहे. आमच्या चर्चमधला बायबल-अभ्यासाचा गट मी चालवते. माझी एक ज्यू मैत्रीण आहे, आमची अठरा वर्षांची मैत्री. दोन्ही धर्मांचं मूळ एकच आहे हे आमच्या लोकांना कळावं म्हणून मी एक संध्याकाळ ठेवली आणि तिला पाहुणी म्हणून बोलावलं. ज्यूंबद्दलच्या व्हॅटिकनच्या १९६५ च्या घोषणेबद्दल सांगितलं, स्तोत्रं म्हटली, यशयाचा ५३ वा अध्याय वाचला, ज्यात आम्हाला येशूचंच वर्णन दिसतं. तेवढ्यात गटातल्या एकाने तिला विचारलं, "इतकं स्पष्ट लिहिलंय, तरी तुम्हा लोकांना दिसत कसं नाही?" मी लगेच विषय बदलला. तीही हसली. येताना तिने वडिलांचं जुनं धर्मग्रंथाचं पुस्तक फडक्यात बांधून आणलं होतं, पण वेळ संपला आणि ते राहूनच गेलं. आता दोन महिने झाले, फोनवर तुटक बोलते. मी तर सगळं तिच्या लोकांच्या मानासाठीच केलं होतं. तो माणूस असं बोलायला नको होता. हा गैरसमज कसा दूर करू?
– तिची मैत्रीण

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या फडक्यापाशी अडले.

तो माणूस बोलला ते वाईटच होतं, त्याच्याकडे मी येते. पण संध्याकाळ त्याची नव्हती, तुमची होती. वडिलांचं पुस्तक कुणी उगाच घराबाहेर काढत नाही. आदल्या दिवशी तिने ते कपाटातून काढलं असेल, तुमच्या लोकांना काय वाचून दाखवायचं ते ठरवलं असेल, कदाचित खूणही घातली असेल. मग ते बोचकं सबंध संध्याकाळ मांडीवर घेऊन बसली आणि तसंच परत घेऊन गेली. घोषणेसाठी वेळ होता, यशयासाठी होता. आणि तुम्ही लिहिता, "राहूनच गेलं". मला तुमचा राग आला, हे सांगून टाकते.

तुम्हाला वाटलं असणार, त्यात निराळं काय असायचं, आपल्या जुन्या करारात, बायबलच्या पहिल्या भागात, आहे तेच. ग्रंथ तेच आहेत, खरं आहे. प्रोटेस्टंट बायबलात त्यांची मोजणी ३९ होते, तिच्या तनाखमध्ये, म्हणजे ज्यूंच्या बायबलात, २४, कारण तुमच्याकडे ज्यांचे भाग पाडलेत ते तिथे एकत्र आहेत. पण शेवट बघा. तुमचा जुना करार मलाखीपाशी संपतो: एलीया संदेष्टा येणार आहे, वाट बघा. पान उलटलं की लगेच मत्तय, नव्या कराराची सुरुवात. तिचं पुस्तक इतिहासाच्या ग्रंथावर संपतं. पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश बंदिवासातल्या लोकांना मोकळं करतो आणि सांगतो, ज्याला जायचंय त्याने यरुशलेमेला वर जावं. हिब्रूत अगदी शेवटचा शब्दच "वर जावं" असा आहे. तुमच्या हातातलं पुस्तक पुढच्या भागाची वाट बघत थांबतं, तिचं घराकडे निघतं. आणि "जुना" करार हे नावही तुमचंच. जुनं म्हणायला आधी नवं यावं लागतं, ते तिच्या घरी आलेलंच नाही.

स्तोत्रं म्हटलीत ना? ५१ वं घ्या. "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर." तुमच्याकडे ते १० वं वचन, तिच्या पुस्तकात १२ वं, कारण राजा दावीद आणि संदेष्टा नाथान यांच्याबद्दलचा मथळाही तिथे वचन म्हणून मोजतात. दोघींनी शेजारी बसून, बोट ठेवून वाचलं असतं तर बोटं एका ओळीवर आलीच नसती. तुम्ही विचारलं असतंत, असं का? तिने सांगितलं असतं. एक मूळ म्हणजे काय, हे तुमच्या गटाला त्या पाच मिनिटांत जितकं कळलं असतं तितकं भाषणाने कळलं नाही.

आता तो प्रश्न. "दिसत कसं नाही?" फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर तेराव्या शतकात दोन स्त्रिया दगडात कोरल्या. एक चर्च, मुकुट घातलेली, ताठ मानेची. दुसरी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. तिचा भाला मोडलेला, हातातून नियमशास्त्राच्या पाट्या निसटतायत आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली. युरोपातल्या कितीतरी चर्चवर ही जोडी आहे. ज्यूंना दिसत नाही, हे शतकानुशतकं दारावरच कोरून ठेवलेलं होतं. तुमच्या सभासदाला हे ठाऊक नसेल. तुमच्या मैत्रिणीला बहुधा ठाऊक होतं. आणि तो ५३ वा अध्याय तिच्या लोकांनी डोळे मिटून वाचलेला नाही. अकराव्या शतकात राशी या मोठ्या भाष्यकाराने त्यातला दुःख भोगणारा सेवक म्हणजे इस्राएलची जनता, असा अर्थ लावला. तुम्ही पटवून घ्या असं मी म्हणत नाही. पण तिला कुणी विचारलं का, "तुमच्यात हे कसं वाचतात?" ती तिथेच बसली होती.

तुम्ही १९६५ च्या घोषणेचं कौतुक केलंत, ते योग्यच. ज्यू लोकांना देवाने टाकलंय असं दाखवू नये, येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंच्या माथी मारू नये, हे चर्चने तिथे स्वच्छ लिहिलं. पण त्या घोषणेमागे ज्यूल इझाक नावाचा एक फ्रेंच ज्यू इतिहासकार होता, हे सांगितलंत का? त्याची बायको आणि मुलगी आउश्वित्झमध्ये मारल्या गेल्या. १९६० च्या जूनमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो चर्च ज्यूंबद्दल काय शिकवतं यावरचे आपले कागद घेऊन पोप तेविसाव्या जॉनना भेटला. त्याचे कागद फडक्यात राहिले नाहीत. पोपनी त्याचं ऐकून घेतलं आणि काम पुढे सोपवलं.

"मी तर सगळं तिच्या लोकांच्या मानासाठी केलं" या तुमच्या वाक्यापाशी नव्या करारातलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र उघडा, ११ वा अध्याय. रानटी जैतुनाच्या फांदीचं कलम मूळ झाडावर बांधलंय, असं तो लिहितो आणि त्या फांदीला बजावतो: तू मुळाला आधार दिलेला नाहीस, मूळ तुला देतंय. मान देणाऱ्या तुम्ही कशा झालात, मला कळत नाही.

त्या घोषणेला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, फिलाडेल्फियाच्या एका कॅथलिक विद्यापीठात त्याच दोन स्त्रियांचा नवा पुतळा बसवला. दोघींना मुकुट आहेत, पट्टी कुणालाच नाही. एकीच्या हातात तोराची, म्हणजे ज्यूंच्या नियमशास्त्राची, गुंडाळी, दुसरीच्या हातात बायबल, आणि दोघी खेटून बसून एकमेकींच्या ग्रंथात डोकावतायत. त्याचा फोटो शोधून बघा.

मग तिला फोन करा. आजच करा, रविवारची वाट बघू नका. गैरसमज हा शब्द काढू नका, तिचा काही गैरसमज झालेला नाही. त्या माणसाच्या वतीने माफीही नको. एवढंच म्हणा: "तुझ्या बाबांचं पुस्तक मी उघडायला लावलं नाही, ते माझं चुकलं. मी बघायला येऊ का?" हो म्हणाली तर एकट्या जा, गट नको, तुमचं बायबलही घरी ठेवा. विचारा, बाबा त्यातलं काय वाचायचे, त्या दिवशी खूण कुठे होती. येशूचं नाव तिने काढल्याशिवाय तुम्ही काढू नका. तिला एका बैठकीत सगळं सांगायचं नसेल, तर पुन्हा जा.

आणि पान तिलाच उघडू द्या. ते उजवीकडून उघडतं.

– ताई