आधी पुरावा, मग म्यूट

ऑनलाइन गेममध्ये समोरचा घाण बोलायला लागला की उलट शिवी हासडू नकोस. त्यानेही रिपोर्ट टाकला तर बॅन दोघांनाही बसू शकतो.

आणि घाईघाईने म्यूटही करू नकोस, आधी पुरावा घे. लिहिलेला चॅट मागाहून दाखवता येतो, आवाजाचं तसं नसतं. एक्सबॉक्स या गेम कन्सोलवर जुलै २०२३ पासून ६० सेकंदांची क्लिप घेऊन रिपोर्ट करता येतो. ती क्लिप २४ तास राहते, त्यामुळे मॅच संपवून शांतपणे पाठवली तरी चालतं. प्लेस्टेशन ५ (पीएस५) हा कन्सोल पार्टी चॅटची, म्हणजे गटातल्या बोलण्याची, शेवटची पाच मिनिटं साठवून ठेवतो, त्यातला छोटा तुकडा निवडून धाडायचा. फोनवर खेळत असशील तर स्क्रीन रेकॉर्डिंग लाव. त्यात समोरच्याचा आवाज येतोय ना, हे आधीच तपास. कित्येकदा नुसतं चित्रच येतं!

लोक नाव सारखं बदलतात, म्हणून प्लेअर आयडी टिपून ठेव. रिपोर्टच्या रकान्यात ‘फार वाईट बोलला’ असं मोघम नको. ‘तिसऱ्या राउंडला जातीवरून शिवी दिली, व्हॉइस चॅटवर’, बस्स, इतकं पुरे. कारण निवडताना ‘वाईट खेळतो’वर टिचकी मारून छळाची तक्रार केली, तर ती बहुधा भलत्याच ढिगात जाते.

गेमबाहेर धमक्या, फोटोची मागणी सुरू झाली तर मात्र कंपनीच्या भरवशावर राहू नकोस. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर. महिला आणि मुलांबाबतच्या काही तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.