पाचवीतला मुलगा हाती लागेल ती वस्तू खोलत बसतो. रोबोटिक्सचा क्लास लावू का?

रिमोटपासून मिक्सरपर्यंत सगळं खोलून झालंय, परत जोडता येतंच असं नाही, आणि 'एवढी आवड आहे तर क्लास लावा' म्हणून सासरचे मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर एवढ्यात नको. आमची लेकही असंच एक कार्टं आहे, ती आता नववीत गेली, त्या अनुभवावर सांगतेय.

सध्या तुमचा मुलगा कुणी न सांगता तासन्‌तास एका गोष्टीत डोकं घालतो. त्याला वेळापत्रक, फी आणि प्रमाणपत्र चिकटलं की ते काम तुमचं होतं, त्याचं राहत नाही. अमेरिकेत 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. स्केचपेनने चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडायचं, अशीच मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं आणि काहींना दिलंच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ त्यात रमली. पाहुणे आले की 'दाखव बरं काकांना काय बनवलंस' म्हणतो ना आपण, मला तेसुद्धा याच जातीतलं वाटतं.

मग आईबापांनी काय करायचं? काम बरंच आहे, फक्त शिकवण्याचं नाही.

आधी सुरक्षा. वस्तू त्याच्या हातात देण्यापूर्वी तिची पिन वायरसकट कापून टाका, म्हणजे ती पुन्हा प्लगमध्ये जाण्याचा प्रश्नच मिटतो. मायक्रोवेव्ह आणि जुना डब्बा टीव्ही अजिबात द्यायचे नाहीत. प्लग काढल्यावरही त्यांच्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते. मोबाइलची बॅटरी उचकटायची नाही, ती पेट घेते. हे नियम ठणकावून सांगा, त्यावर चर्चा नको. भिंतीवरचं घड्याळ, रिमोटची गाडी, टेपरेकॉर्डर, हे मात्र खुशाल द्या. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात न्या, सुटे भाग हवे असतील तर तपकीर गल्लीत. घरात एक कोपरा असा ठेवा की रात्री आवरावा लागणार नाही. अर्धवट उघडलेलं यंत्र रोज पिशवीत भरायला लावलं की मूल कंटाळतं. (सासूबाईंशी यावरून वाद होईल. आमच्याकडे अजून होतो.)

सगळ्यात अवघड काम म्हणजे तोंड बंद ठेवणं. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंपासून बनवायची खेळणी फुकट बघायला मिळतात, मराठीतही बरंच काही आहे. त्यातली साधी मोटर लेकीने करायला घेतली: एक सेल, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि वाइंडिंगच्या तारेचं वेटोळं. वेटोळं नुसतं झुलायचं, फिरायचं नाही. कारण मला दिसत होतं. तारेच्या दोन्ही टोकांवरचं इनॅमल, म्हणजे वीज न जाऊ देणारा लेप, तिने पूर्ण खरवडलं होतं. एका टोकाचं फक्त एकाच बाजूने खरवडायचं असतं, म्हणजे अर्ध्या फेरीत करंट तुटतो आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. नाहीतर पुढच्या अर्ध्या फेरीत ते उलटं ओढलं जातं. मी भाजी चिरत बसले. ती चिडली, सगळं टाकून खेळायला गेली, दुसऱ्या दिवशी परत बसली, तारा बदलत राहिली, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या मोटर वाइंडिंगवाल्या काकांना जाऊन विचारून आली. त्यांनी सांगितलं, आणि वर तारेचं एक रीळही दिलं. अशी माणसं शोधून ठेवा: मिक्सर दुरुस्त करणारे, सायकलवाले, शिलाई मशीनचे मेकॅनिक. पोराला दुकानात थोडा वेळ बसू द्याल का, विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

पाढे, वाचन, लेखन यांचं काय? ते मी मुलाच्या मर्जीवर सोडलं नाही. सगळंच मूल ठरवेल, या टोकाला जाणारे पालक आहेत, मुलांना घरीच शिकवून मुक्त विद्यालयातून दहावी देणारेही आहेत. मला तेवढं जमलं नसतं आणि पटलंही नसतं. रोजचा अर्धा तास अभ्यास ठरलेला, बाकी संध्याकाळ तिची. तुमच्याकडे संध्याकाळी आधीच दोन क्लास असतील, तर तिसरा लावण्याऐवजी त्यातला एक कमी करता येतो का बघा.

पुढे कधी तो स्वतःच 'मला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, इथे अडलंय' म्हणाला तर जरूर लावा. तेव्हा क्लासवाल्यांना एवढंच विचारा, मुलांनी स्वतःच्या मनाने काही जोडलेलं चालतं का. एकाच किटमधून सगळ्यांचा एकच रोबो निघत असेल, तर पैसे वाचवा आणि त्याला एक चांगला मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) घेऊन द्या.